भाकिताचा बाजार

वैशाखांत रत्नागिरीस घरोघरीं आंब्याच्या पेट्या भरल्या जातात, आणि सायंकाळीं मुंबई व चेन्नई यांच्या क्रिकेट सामन्यावर वाद रंगतात. तो वाद निर्दोष होय. परंतु मध्यंतरीं कांहीं वर्षें मोबाइलवर भाकिताचा बाजारच भरूं लागला होता. ‘मुंबई जिंकेल’ या मताची किंमत ६ रुपये, तर विरुद्ध मताची ४. खरें ठरेल त्यास १० रुपये मिळावयाचे, आणि चालकास दलाली. किंमतीवरून लोकांचा अंदाज समजतो, हें खरें. पण एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानिच. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें बागेच्या फवारणीसाठीं ठेविलेले पैसे असेच घालविले.

१२ मे २०१९ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या चेंडूवर चेन्नईस २ धावा हव्या होत्या. मलिंगानें गडी पायचीत केला व मुंबई १ धावेनें जिंकली. अशा वेळीं कोणाचें ज्ञान कामास येणार?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ वें सूक्त द्यूतकाराच्या पश्चात्तापाचेंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संमत केला. कायद्यानें दुकान मिटतें, मोह मिटत नाहीं. तो घरांतच आवरला पाहिजे. पैज लावावयाचीच तर ती अशी असावी कीं, हरणाऱ्यानें आंबे कापून सर्वांस वाढावे!