‘सर्व्हर बंद आहे’ : रुग्णालयाच्या संगणक-व्यवस्थेवरील देखरेखीविषयी

वार्षिक अहवालात वर्षभरातील रुग्णसेवा, नवी उपकरणे व जमाखर्च यांचा तपशील आम्ही विश्वस्त, देणगीदार व हितचिंतकांपुढे नेमाने ठेवतो. संगणक-कक्षाचा उल्लेख मात्र खर्चाच्या तक्त्यातील एका ओळीपलीकडे सहसा जात नाही. रुग्णांच्या नातेवाइकांना या कक्षाचा परिचय होतो तो बहुधा नोंदणीच्या खिडकीवर ऐकू येणाऱ्या एका वाक्याने : ‘सर्व्हर बंद आहे, थोडे थांबा.’ हे वाक्य का उच्चारावे लागते, ते क्वचितच उच्चारावे लागावे यासाठी रात्रंदिवस काय करावे लागते आणि त्यास खर्च का येतो, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

संगणकावर आज काय अवलंबून आहे

एके काळी केसपेपर, नोंदवही आणि क्ष-किरणाची फिल्म एवढ्यावर रुग्णालयाचे काम चालत असे. आज नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषध भांडारातील साठा, देयके आणि सी.टी. स्कॅनची चित्रे हे सर्व संगणकावर असते. सी.टी. स्कॅनचे एक छेदचित्र सामान्यतः ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते व ते साठविण्यास सुमारे अर्धा मेगाबाइट जागा लागते. एका तपासणीत अशी तीनशे चित्रे निघाली, तर एकाच रुग्णाची माहिती दीडशे मेगाबाइट होते.

याहून महत्त्वाची बाब शासकीय योजनांची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती लातूरसह सर्व राज्यात लागू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या योजनेत नियोजित उपचाराची पूर्वमंजुरी संगणकावरून, इंटरनेटद्वारे घ्यावी लागते. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. परंतु नियोजित शस्त्रक्रियेसाठी मुखेड वा निलंग्याहून आलेल्या कुटुंबाचा एक दिवस मंजुरीवाचून गेला, तर त्याची एक दिवसाची मजुरी, मुक्कामाचा खर्च आणि धीर हे तिन्ही खर्ची पडतात. संगणक-व्यवस्था बंद पडल्याची खरी किंमत अशी मोजावी लागते.

एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेण्याची पद्धत होती. नोंदणीचा एक, प्रयोगशाळेचा एक, हिशेबाचा एक. प्रत्येकाला वेगळी जागा, वेगळी वीज, वेगळी थंड हवा; आणि यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ जवळजवळ रिकामी असत. यावर उपाय म्हणून एका शक्तिमान सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत रूढ झाली. ही कल्पना १९६० च्या दशकात आय.बी.एम.च्या मोठ्या संगणकांवर प्रथम साकारली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती सर्वसाधारण सर्व्हरवर आणली आणि २००७ पासून लिनक्स या मुक्त प्रणालीतही के.व्ही.एम. या नावाने ती उपलब्ध आहे.

जुन्या वाड्याचे उदाहरण घेतल्यास ही रचना सहज समजते. वाडा एक, परंतु बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. त्याचप्रमाणे नोंदणी, प्रयोगशाळा व औषध भांडार हे तीन आभासी संगणक एकाच यंत्रात राहूनही एकमेकांपासून वेगळे असतात. जागा व वीज यांची बचत होते; एखादे बिऱ्हाड दुसऱ्या वाड्यात हलवावे तसा आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर हलविताही येतो.

परंतु वाड्याचा आड एकच असतो. एका बिऱ्हाडाने सकाळी सारे पाणी उपसले, तर इतरांच्या घागरी रिकाम्या राहतात. तसेच हिशेबाच्या आभासी संगणकाने महिनाअखेरीस सर्व शक्ती ओढून घेतली, की प्रयोगशाळेचा अहवाल रेंगाळतो, आणि प्रयोगशाळेच्या संगणकात पाहावे तर त्यात काहीच दोष आढळत नाही. म्हणून केवळ बिऱ्हाडांकडे पाहून भागत नाही. वाड्याचा पाया, आढे आणि आड यांच्याकडेही पाहावे लागते.

काही घरात, काही बाहेर

सर्वच माहिती आपल्या कक्षात ठेवली जात नाही. काही भाग क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणक-केंद्रात असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत व २०२२ मध्ये हैदराबादेत अशी केंद्रे सुरू केली. आपल्या कक्षातील व दूरच्या संगणकांचा मिळून जो संसार चालतो, त्यास संमिश्र किंवा हायब्रिड व्यवस्था म्हणतात.

काय घरात ठेवावे व काय बाहेर, याचा निर्णय साध्या हिशेबाने होतो. दीडशे मेगाबाइटची सी.टी. चित्रे रुग्णालयाच्या अंतर्गत जाळ्यावरून दीड-दोन सेकंदांत डॉक्टरांच्या पडद्यावर येऊ शकतात. सेकंदाला दहा मेगाबिट वेगाच्या बाहेरच्या लाइनवरून त्यास किमान दोन मिनिटे लागतात, आणि लाइन तुटली तर ती येतच नाहीत. म्हणून उपचारास तत्काळ लागणारी माहिती घरात, तर राखीव प्रती, संकेतस्थळ व भेटीची वेळ कळविणारे संदेश बाहेर, अशी वाटणी योग्य ठरते. योजनेच्या मंजुरीची प्रणाली तर पूर्णतः बाहेरचीच आहे.

यामुळे ‘सर्व्हर बंद आहे’ या एका वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. बिघाड आपल्या कक्षात असेल, मधल्या लाइनमध्ये असेल किंवा दूरच्या केंद्रात असेल. पहिला आपण दुरुस्त करू शकतो, दुसऱ्यासाठी पर्यायी लाइन वापरू शकतो आणि तिसऱ्यासाठी वाट पाहावी लागते. बिघाड नेमका कोठे आहे हे काही क्षणांत सांगता येणे, हे देखरेखीचे पहिले काम होय. ते साधले तर खिडकीवरील कर्मचारी नातेवाइकांना ‘थांबा’ एवढेच न सांगता किती थांबावे लागेल हेही सांगू शकतो.

देखरेख म्हणजे काय

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर नाडी, रक्तदाब व प्राणवायूचे प्रमाण सतत दाखवितो. संगणक-व्यवस्थेचीही अशीच नाडी पाहावी लागते. दर मिनिटाला वा पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्रास विचारणा होते : तू चालू आहेस काय, डिस्क किती भरली, स्मृती किती उरली, उत्तर देण्यास किती वेळ लागला. कक्षाचे तापमान आणि यू.पी.एस.च्या बॅटरीची स्थितीही नोंदली जाते. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस अंशांपुढे जातो. अशा वेळी कक्षातील वातानुकूलन बंद पडले, तर यंत्रे स्वतःच्याच उष्णतेने थोड्या वेळात बंद पडू शकतात.

या नोंदींचा खरा उपयोग बिघाडानंतर नव्हे, तर आधी होतो. डिस्क दर आठवड्यास दोन टक्के भरत असेल व आज ऐंशी टक्के भरलेली असेल, तर दहा आठवड्यांनी ती पूर्ण भरणार हे आजच कळते. आभासी संगणकांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. दुरुस्तीपूर्वी संगणकाची तात्पुरती प्रतिमा घेऊन ठेवतात. काम झाल्यावर ती काढली नाही, तर ती वाढत जाऊन सर्वांची सामाईक जागा व्यापते व सर्व बिऱ्हाडे एकाच वेळी थांबतात.

इशाऱ्यांचे प्रमाणही राखावे लागते. दिवसाला शेकडो इशारे आले, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. म्हणून रात्री कोणास उठवावे व काय सकाळपर्यंत थांबू शकते, याची विभागणी केलेली असली पाहिजे. त्याचबरोबर पहारेकरी ज्या घराचा पहारा करतो त्याच घरात त्यास कोंडून चालत नाही. देखरेखीची प्रणाली त्याच सर्व्हरवर असेल, तर सर्व्हरबरोबर तीही मुकी होते. यासाठी नांदेडच्या व्यवस्थेवर लातूरहून आणि लातूरच्या व्यवस्थेवर नांदेडहून लक्ष ठेवणे व इशारा मोबाइलच्या स्वतंत्र मार्गाने पाठविणे हितावह असते.

नागिऑस व झॅबिक्स यांसारखी या कामाची चांगली सॉफ्टवेअर गेली दोन दशके विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु इशारा आल्यावर पहाटे तीन वाजता उठून निर्णय घेणारा प्रशिक्षित मनुष्य विनामूल्य नसतो.

एकखांबी तंबू

लातूरकरांना एकाच आधारावर विसंबण्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. संगणक-व्यवस्थेतही जेथे एकच लाइन, एकच यू.पी.एस. किंवा एकच जाणकार मनुष्य असतो, तेथे एकखांबी तंबू उभा असतो. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर या मार्गावर कोठे खोदकाम निघाले, की रस्त्याकडेची केबल तुटण्याचा धोका असतोच. म्हणून दोन लाइन घ्याव्यात, एवढेच नव्हे तर त्या वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या असाव्यात. एकाच चरातून येणाऱ्या दोन लाइन या प्रत्यक्षात एकच असतात.

राखीव प्रतींचाही हाच न्याय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा व उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. २०२४ मध्येही हिंगोली जिल्ह्यातील भूकंपाचे धक्के नांदेडला जाणवले. ज्या इमारतीत मूळ माहिती आहे, त्याच इमारतीतील प्रत अशा वेळी निरुपयोगी ठरते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, असा जगभर मान्य झालेला नियम आहे.

या नियमाची कसोटी २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत लागली. सायबर हल्ल्यामुळे तेथील पाच सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद झाली व बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम कागदावर करावे लागले. जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नसल्याने हल्लेखोरांना शिरकाव मिळाला, असे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरून, आणि बहुतांश कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. देशातील अग्रगण्य संस्थेस जे दोन आठवडे लागले, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयास किती पडतील, याचा विचार प्रत्येक विश्वस्ताने करावा.

एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने दिलेल्या आदेशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळविणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसतील, तर आधी काय घडले व नंतर काय, हे सांगता येत नाही. आणि ज्यास घटना वेळेत दिसलीच नाही, तो सहा तासांत काय कळविणार?

टक्केवारीचा अर्थ

व्यवस्था ‘९९ टक्के वेळ चालू’ असते असे ऐकले की समाधान वाटते. परंतु वर्षाच्या ८,७६० तासांपैकी एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ होतो. ९९.९ टक्के म्हटल्यास वर्षात पावणेनऊ तास आणि ९९.९९ टक्के म्हटल्यास सुमारे त्रेपन्न मिनिटे व्यवस्था बंद राहू शकते. प्रत्येक वाढीव नऊच्या आकड्यासाठी दुसरा सर्व्हर, दुसरी लाइन आणि अधिक मनुष्यबळ लागते. सर्वच कामांना सर्वोच्च पातळी आवश्यक नसते. संकेतस्थळ तासभर बंद राहिल्यास चालेल. रक्तपेढीची नोंद व प्रयोगशाळेचा अहवाल यांना मात्र ती सवलत नाही. मर्यादित निधी कोठे खर्चावा, हे या भेदावरूनच ठरवावे लागते.

आमची विनंती

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, जुने अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शिधापत्रिकेची प्रत नेहमी जवळ बाळगावी. संगणक बंद असताना छापील अर्जांवर काम चालविण्याची पद्धत असते व तातडीचा उपचार त्यासाठी थांबत नाही. त्या वेळी आपल्याजवळचा कागदच डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

विश्वस्तांनी दर तिमाहीस तीन प्रश्न अवश्य विचारावेत. राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत आणून शेवटचे केव्हा पाहिले? रात्रीचा इशारा कोणाकडे जातो व तो रजेवर असल्यास कोणाकडे? आपल्या व्यवस्थेत आज कोणता खांब एकटा आहे?

देणगीदारांविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते आणि ते योग्यच आहे. बॅटरी बदलणे, दुसऱ्या लाइनचे भाडे, दूरच्या प्रतीचे शुल्क व रात्रपाळीचे वेतन यांवर पाटी लावता येत नाही. तसेच हे खर्च एकदाच होत नाहीत, ते दरवर्षी येतात. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या मालकीची झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद होऊन ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत आली, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. म्हणून उपकरणासाठी देणगी देताना तिचा काही अंश त्याच्या देखभालीसाठी व देखरेखीसाठी राखून ठेवण्यास अनुमती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या अंशातून काय साधले हे कोणत्याही छायाचित्रात दिसणार नाही. परंतु मंजुरीसाठी सकाळी खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाला दुपारपूर्वी आपल्या रुग्णाजवळ परतता येईल.