जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवे

पुणेकरांना हेल्मेटबद्दल काही सांगायला जाणे म्हणजे वाद ओढवून घेणे. तरीही आज सुरुवात तिथूनच करते. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करताना एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. डोक्याला मार लागलेला तरुण स्ट्रेचरवर असतो आणि मागोमाग त्याचा मित्र हेल्मेट हातात घेऊन येतो. त्यावर साधा ओरखडाही नसतो, कारण ते गाडीच्या आरशाला अडकवलेले होते.

या हेल्मेटची आठवण मला काही वर्षांपूर्वी कोकणात, एका जलदुर्गाकडे जाणाऱ्या बोटीत झाली. लाइफ जॅकेटे होती, पण बाकाखाली एकत्र बांधून ठेवलेली. खाऱ्या हवेने दोरीची गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. बरोबर माझी सहा वर्षांची भाची होती. तिच्यासाठी एक सोडून द्या म्हटले, तर बोटवाला हसला. ‘‘ताई, दहा मिनिटांचा तर रस्ता. काही होत नाही.’’ त्या दिवशी खरेच काही झाले नाही. पण तपासणीला कोणी आले असते, तर कागदावर ‘जॅकेटे आहेत’ अशी खूण झाली असती, आणि ती खोटीही ठरली नसती.

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी ‘नीलकमल’ ही बोट गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघाली होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून तिच्यावर आदळली. दोन्ही बोटींवरच्या मिळून १५ जणांचा मृत्यू झाला. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी नेण्याची परवानगी होती, प्रत्यक्षात बोटीवर शंभरहून अधिक माणसे होती. धडक बसली तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे झाले.

‘अपघात झाल्यावर घालू की’, असे आपल्याला वाटते. ते का जमत नाही, याचे उत्तर शरीरात आहे. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. छातीत हवा भरलेली असेल तर आपण जेमतेम तरंगतो, आणि श्वास सोडला की खाली जाऊ लागतो. अचानक पाण्यात पडल्यावर दचकून मोठा श्वास घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत येते. ठसका लागतो, श्वासाची लय बिघडते आणि घाबरल्याने हातपाय नुसते आपटले जातात.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात श्वासच पुरत नसताना ओरडणार कसा? बुडणे बहुतेक वेळा मुकाट्याने होते. लहान मूल तर अर्ध्या-एका मिनिटात दिसेनासे होऊ शकते. प्राणवायू बंद झाल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. एवढ्या वेळात कलत्या बोटीत जॅकेट शोधायचे, गाठ सोडायची, पट्टे लावायचे आणि मग मुलाला घालायचे? पोहता येते म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. धडकेत डोक्याला मार बसला, तर पट्टीचा पोहणाराही बेशुद्ध होतो. मानेमागे आधार असलेले चांगले जॅकेट घातले असेल, तर ते बेशुद्ध माणसालाही उताणे वळवून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवते.

जॅकेट वेळ मिळवून देते. त्या वेळेत मदतही पोचावी लागते. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ ‘अजंठा’ बोट बुडू लागली, तेव्हा रायगड पोलिसांची गस्तीनौका जवळच होती. बोटीवरचे ८८ जण वाचले. उलट १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलताच घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले आणि तिचा तोल पुरताच गेला. बोटीवर किती माणसे घ्यायची आणि ती कुठे बसवायची, हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. वरच्या मजल्यावर गर्दी झाली की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती उलटणे सोपे होते.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यावर दोन वर्षांत ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार झाला. सुधारणा होत होत तो आजही मोठ्या जहाजांना लागू आहे. राज्यातल्या प्रवासी बोटींसाठी १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. बोटींची तपासणी होते, प्रवासीसंख्या ठरवून दिली जाते. अडते ते कागद आणि धक्का यांच्यामधल्या अंतरात.

शस्त्रक्रियागृहात आम्हालाही ही अडचण होती. नियम सर्वांना ठाऊक, तरी घाईत एखादी गोष्ट राहून जायची. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. चिरफाड करण्यापूर्वी सगळे क्षणभर थांबतात आणि यादी मोठ्याने वाचली जाते. त्यात काही राहिले असेल, तर नर्ससुद्धा मोठ्या सर्जनला थांबवू शकते. यादीचे सगळे बळ या थांबवण्याच्या अधिकारात आहे. धक्क्यावरही असाच एक माणूस हवा. त्याने डोकी मोजावीत, प्रत्येकाच्या अंगातले जॅकेट पाहावे आणि काही कमी असेल तर बोट सोडू नये. तिकीट विकणारा आणि बोट थांबवणारा एकच असेल, तर गर्दीच्या रविवारी काय होईल हे सांगायला नको.

तोवर आपल्या हातात काय आहे? घारापुरी, जंजिरा, सिंधुदुर्ग, नाहीतर एखादे धरण, बोट कुठलीही असो, धक्का सोडण्याआधी जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे लावा. मुलांना त्यांच्या मापाचेच मागा. मोठ्यांचे जॅकेट पाण्यात त्यांच्या डोक्यावरून निसटते. गर्दी जास्त वाटली तर पुढच्या बोटीने जा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटे टांगू नका. श्वास चालू नसेल, तर आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. बुडता बुडता वाचलेल्याला खोकला किंवा धाप असेल, तर तो बरा दिसला तरी रुग्णालयात आणाच.

त्या दिवशी परतीच्या फेरीत मी गाठ सुटेपर्यंत बोटीत पाऊल ठेवले नाही. मागचे लोक कुरकुरले. पण भाचीने जॅकेट घातलेले पाहून आणखी दोन आयांनी आपल्या मुलांसाठी मागितले, आणि बोटवाल्याने अख्खा गठ्ठाच सोडला.