पुण्यातील 'लाल देऊळ' : इतिहास आणि जतनाचा प्रश्न

प्रास्ताविक :
अहिल्यानगर जिल्ह्यातील अभ्यासकांना सहज गाठता येणारे महत्त्वाचे ज्यू प्रार्थनास्थळ म्हणजे पुणे लष्कर भागातील 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉग होय. लाल विटांच्या बांधणीमुळे पुणेकर त्यास 'लाल देऊळ' म्हणतात. प्रस्तुत लेखात या वास्तूचा इतिहास व तिच्या जतनाचे स्वरूप यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी या सिनेगॉगची उभारणी आरंभिली. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले व १८६७ मध्ये वास्तू पूर्ण झाली. त्यांची समाधी याच आवारात आहे. उंच मनोरा व गॉथिक शैली यांमुळे वास्तू बाहेरून चर्चसारखी भासते. अंतर्रचना मात्र ज्यू धर्मविधीस अनुसरून आहे : मध्यभागी धर्मग्रंथवाचनाचा चौथरा, जेरुसलेमच्या दिशेस ग्रंथपटांचे कपाट आणि स्त्रियांसाठी वरचा सज्जा.

ससून हे बगदादी ज्यू होते. कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाने पुढे १९२१ मध्ये रास्ता पेठेत 'सुकाथ शेलोमो' हे स्वतंत्र सिनेगॉग उभारले. म्हणजेच 'ज्यू समाज' या एका संज्ञेखाली भाषा व परंपरा यांनी भिन्न असे दोन प्रवाह एकाच शहरात नांदत होते.

जतनाचा प्रश्न :
१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर झालेल्या स्थलांतराने येथील ज्यूंची संख्या झपाट्याने घटली. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. ही संख्या जमेनाशी झाली की भिंती सुस्थितीत असूनही सिनेगॉगचे कार्य खंडित होते.

वास्तूचे जतन अशक्य नाही. मुंबईतील 'केनेसेथ एलियाहू' (१८८४) या सिनेगॉगचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये पूर्ण होऊन त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला. परंतु असे कार्य निधी व तज्ज्ञांच्या बळावर दगड-विटा वाचविते. तेथील विधी, नोंदी व आठवणी त्याने आपोआप वाचत नाहीत.

निष्कर्ष :
म्हणून जतनाची दुसरी बाजू महाविद्यालयांनी उचलावयास हवी. समाजाच्या संमतीने थडग्यांवरील मराठी व हिब्रू लेखांचे वाचन, विवाह-मृत्यूच्या नोंदींची छायाचित्रे आणि वृद्धांच्या मौखिक कथनांचे संकलन हे इतिहास व मराठी विभागांच्या आवाक्यातील काम आहे. त्यास मोठा निधी लागत नाही, मात्र विलंब परवडणारा नाही. मनोरा पुन्हा डागडुजी करून उभा राहील. ज्यांनी तेथे प्रार्थना केली त्यांची साक्ष एकदा गेली की परत मिळणार नाही. ज्या लोकभाषेने परधर्मीय वास्तूस सहजपणे 'देऊळ' म्हटले, त्या भाषेच्या अभ्यासकांवर ही जबाबदारी अधिकच येते.