काचेतील लोह

खिडकीची काच समोरून नितळ दिसते. कडेने पाहिली तर ती हिरवी असते. हा रंग लोहाचा. साध्या काचेत लोहाचे ऑक्साइड जेमतेम ०.१ टक्का, म्हणजे टनामागे किलोभर असते. ते कोणी मुद्दाम घालत नाही. वाळूबरोबर ते भट्टीत शिरते.

काचेत लोह दोन रूपांत राहते. फेरिक लोह बहुधा चार ऑक्सिजन अणूंच्या मधोमध बसून सिलिकाच्या जाळ्यात सामील होते. फेरस लोहाभोवती साधारणपणे सहा ऑक्सिजन असतात आणि ते सोड्याप्रमाणे जाळे जागोजागी तोडते; म्हणून फेरसचा वाटा वाढला की वितळलेली काच अधिक पातळ होते. फेरिकची छटा पिवळसर, फेरसची निळसर. दोन्ही मिळून हिरवी. फेरस लोह अवरक्त किरणही शोषते. त्यामुळे ज्वाळेची उष्णता वरच्या थरातच अडकते आणि भट्टीच्या तळाची काच तुलनेने थंड राहते.

या दोन रूपांचा तोल सर्वांत नाजूक असतो तो औषधाच्या तपकिरी बाटलीत. तिचा रंग फेरिक लोहाला एक सल्फाइड आयन जोडला गेल्याने येतो. फेरिक टिकायला ऑक्सिजन हवा, तर सल्फाइड टिकायला तो नको. मिश्रणात कोळसा कमी पडला तर सल्फाइडचे सल्फेट होते. जास्त झाला तर फेरिकचे फेरस होते. दोन्ही वेळा तपकिरी रंग उतरतो. या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यातच अतिनील किरण अडवणारी बाटली तयार होते.

नको असलेला हिरवा रंग लपवता येतो. पूर्वी त्यासाठी मँगनीज डायऑक्साइड घालत. ते फेरसचे फेरिक करते आणि उरलेली पिवळसर छटा आपल्या जांभळ्या रंगाने झाकते. मात्र अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळी पडते. आता सेलेनियम आणि कोबाल्ट वापरतात. तरी हे रंगाने रंग मारणेच. काच रंगहीन भासते, पण तिच्यातून जाणारा प्रकाश घटतो.

सौर पॅनेलच्या काचेला ही पळवाट चालत नाही, कारण तिथे प्रकाश हेच उत्पन्न. तिच्यासाठी लोह वाळूतूनच काढावे लागते. कणांवर गंजाचा पातळ लेप असेल, तर वाळू पाण्यात घासून धुतात. लोहयुक्त खनिजांचे सुटे कण चुंबकाने वेचतात. कणाच्या आत मुरलेले लोह आम्लालाही सहज दाद देत नाही. म्हणून सिंधुदुर्गातल्या कासार्डेसारख्या भागातील सिलिका वाळूची प्रतही तिच्यातील लोहावरून ठरते. दळण्याच्या यंत्राचे पोलाद झिजले की धुतलेल्या वाळूत लोह पुन्हा मिसळते. भंगार काचेतला रंगीत तुकडाही तेच करतो. एवढे सांभाळून जी सौर काच तयार होते, तिच्या एका टनात लोहाचे ऑक्साइड सुमारे १०० ग्रॅम उरते.