अर्धा ग्रॅम प्राणवायूचा हिशेब

वैशाख सरत आला की वरवट बकालच्या आकाशात दुपार कलल्यावर ढग जमू लागतात. धुळीचा लोट उठतो, कडुलिंबाच्या फांद्या तारांवर आपटतात आणि पहिला टपोरा थेंब पडायच्या आत वीज गेलेली असते. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावाला त्याचे नवल नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला शेगाव आणि मधल्या सपाटीवर उघड्या शिवारातून धावणाऱ्या तारा. वादळात एखादी तुटली तर लाईनमनला ती अंधारात, चिखलात शोधावी लागते. माणसे खाटा अंगणात काढतात, हातपंखे शोधतात. पंखे, कूलर, दूरदर्शन यांचा गलका एकदम थांबतो. त्याच क्षणी बैठकीच्या कोपऱ्यातली आणखी एक बारीक घरघर थांबलेली असते. ती मासे ठेवलेल्या काचपेटीच्या हवेच्या पंपाची. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण मासा ओरडत नाही.

काचपेटी आता तालुक्याच्या गावांतही पोहोचली आहे. दवाखान्याची प्रतीक्षा-खोली, कापडाचे दुकान, मुलाच्या वाढदिवसाची भेट, अशा निमित्तांनी ती येते. तिच्यासोबत दिवा येतो, रंगीत खडे येतात, पंप येतो. वीज गेल्यावर काय करायचे, हे मात्र विकणारा सहसा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी पेटी धरली, तर खडे वजा जाता तिच्यात सुमारे ६० लिटर पाणी मावते. पाण्यात विरघळणारा प्राणवायू तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे उन्हाळ्यात या संपूर्ण पेटीची शिल्लक सुमारे ४५० मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅमही नाही. मेमध्ये बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो, घरातले पाणी ३०च्या वर जाते, तेव्हा ही शिल्लक आणखी घटते. गंमत अशी की जमा घटते त्याच वेळी खर्च वाढतो. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी १० अंशांनी तापले की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. रात्री पेटीतली पाणवनस्पतीही प्राणवायू देत नाही, उलट घेते.

बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात जातो, हा समज अर्धाच खरा आहे. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, तळाचे पाणी पृष्ठभागावर आणतात, आणि खरी देवघेव होते ती पृष्ठभागावर. म्हणून उंच, अरुंद पेटीपेक्षा तेवढेच पाणी असलेली बुटकी, पसरट पेटी कितीतरी सुरक्षित असते. गोल बरणीसारखे भांडे गळ्यापर्यंत भरले, तर पाणी भरपूर दिसते आणि पृष्ठभाग मात्र वाटीएवढा उरतो.

विजेचा पंप घरोघरी येण्यापूर्वीही मासे पाळले जात होते. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनची पेटी, दोन सोनेरी मासे, काही पाणवनस्पती आणि सडका पाला खाणाऱ्या गोगलगायी, इतकाच सरंजाम. पंप नाही, तरी समतोल टिकला. त्या पेटीत मासे दोनच होते, हे विसरता कामा नये. आज तेवढ्याच पाण्यात दहा-बारा मासे सोडले जातात आणि मग पंप अपरिहार्य होतो. वीज जाण्याची तयारी बॅटरीपासून नव्हे, माशांच्या संख्येपासून सुरू होते. विरळ वस्तीची, पसरट पेटी पंपाविना बहुधा रात्र काढते; गच्च भरलेली पेटी उन्हाळ्यात काही तासांतच संकटात येते. जातीचाही फरक आहे. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. गोल्डफिशला ती सोय नाही, आणि घरात सर्वाधिक आणला जातो तो गोल्डफिशच.

आता विजेचा हिशेब. घरगुती हवेचा पंप फार तर ५ वॅट घेतो. घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास साठवते. दोन पंखेच १५० वॅट ओढतात. त्या खर्चात पंपाचे ५ वॅट म्हणजे किरकोळ रक्कम. तरीही पंप बंद पडतो, याचे कारण साधे आहे. वायरिंग करताना इन्व्हर्टरची लाईन दिवे-पंख्यांना दिली जाते आणि काचपेटीचा प्लग साध्या बोर्डावर राहतो. तारतंत्र्याकडून तेवढा एक पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला, की बहुतेक घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. हवेचा पंप विद्युतचुंबकाच्या थरथरीवर चालतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो जास्त घरघरतो आणि तापतो, म्हणून साइन वेव्ह इन्व्हर्टर बरा. पाणी तापवणारा हीटर आणि शोभेचा दिवा मात्र त्या पॉइंटवर लावू नयेत.

इन्व्हर्टर नसेल, तर यूएसबीवर चालणारा एक-दीड वॅटचा पंप आणि पॉवर बँक पुरते. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. घट धरूनही दीड वॅटचा पंप अठरा-वीस तास चालावा. अट एकच. काही पॉवर बँका फार कमी भार दिसला की मोबाईल भरला असे समजून स्वतःच बंद होतात. ही परीक्षा दिवसा, वीज असताना, दोन-तीन तास घेऊन पाहावी. संगणकाच्या यूपीएसची ७ अँपिअर-तासांची बॅटरी त्या मानाने लहान असते आणि बराच भाग यूपीएस स्वतःच खातो. तिच्यावर रात्र निघेल असे धरू नये.

छतावरच्या सौर पटलांविषयी मोठा गैरसमज आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर गावोगावी पटले बसली. पण ग्रीडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद होते. तो दोष नाही. खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी ती मुद्दाम तशी केलेली असते. बॅटरी असलेली यंत्रणा वेगळी.

एका बारीक गोष्टीकडे जवळजवळ सर्वांचेच दुर्लक्ष होते. पंप पेटीखालच्या कप्प्यात ठेवलेला असेल, तर तो थांबताच पाणी नळीतून उलट खाली उतरू शकते. आधी पंपात, मग विजेच्या बोर्डावर, आणि वीज परत येते तेव्हा धोका माशांपुरता राहत नाही. नळीत एकदिशा झडप बसवावी, किंवा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवावा.

मोठ्या यंत्रणाही या बाबतीत निर्धास्त नसतात. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. तिथल्या ऑड्युबॉन मत्स्यालयाची इमारत तगली, आपत्कालीन जनरेटरही होता. पण कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले, जनरेटर बंद पडला आणि सुमारे १०,००० माशांपैकी बहुतेक सर्व दगावले. यंत्राजवळ माणूस नव्हता.

जैन घरात काचपेटी असावी काय, हा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आहे, तसाच ‘अन्नपाननिरोध’ही. नवी पेटी आणण्यापूर्वी त्यावर घरात बोलणे झालेले बरे. पण आलेल्या माशांना ‘मुक्त’ करण्यासाठी वान नदीत सोडणे ही दया ठरत नाही. परके मासे तिथे मरतात किंवा तिथल्या माशांच्या मुळावर येतात. घरात आहेत तोवर त्यांचे दायित्व घराचेच. मात्र वीज नसताना कळवळ्याने खाद्य टाकणे चूक आहे. निरोगी मासा काही दिवस सहज उपाशी राहतो. न खाल्लेले अन्न कुजताना आणि खाल्लेले पचताना प्राणवायूच खर्च होतो. त्या रात्रीचा उपवास हेच त्याचे रक्षण.

बॅटरीही संपली तर हात आहेत. झाकण काढावे, तांब्याभर पाणी घेऊन वीतभर उंचीवरून कलशाची धार धरावी तसे परत ओतावे. वीस-पंचवीस वेळा, दर अर्ध्या तासाने. मासे पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकू लागले, तर दर दहा मिनिटांनी. पाव भाग पाणी बदलणे उपयोगी पडते, पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. बोअरचे क्षारयुक्त पाणी एकदम ओतले तर मासे त्या धक्क्यानेच जातील. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून नेहमी वापरायच्या पाण्याच्या दोन बादल्या उघड्या तोंडाने दोन दिवस मुरवून तयार असाव्यात. वीज गेली की नळही येईनासा होतो, हे गावाला सांगायला नको.

वीज आल्यावर पटकन सर्व बटणे दाबण्याचा मोह होतो. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला, तर त्यातले घाण पचवणारे उपकारक जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि आतले पाणी नासते; चालू करताच ते पेटीत येते. आधी हवेचा पंप सुरू करावा. फिल्टरचा स्पंज पेटीतल्याच मगभर पाण्यात हलकेच पिळून, ते पाणी फेकून मग बसवावा. नळाखाली धुऊ नये. खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही नेहमीच्या निम्मे.