थ्री गॉर्जेस : चढत्या-उतरत्या पाण्याच्या काठावरचा वारसा

जून 2003 मध्ये चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी साठू लागले आणि यांगत्से नदीची पातळी 135 मीटरवर गेली. त्यानंतर पावसाची झोड उठली. 13 जुलैला एका उपनदीकाठचा च्यानजियांगपिंग इथला डोंगरउतार खचला. सुमारे 2.4 कोटी घनमीटर दगडमाती खाली आली आणि 24 जणांचा बळी गेला. जलाशयाकाठचा डोंगर खचणे इटलीत आधीच घडले होते. 9 ऑक्टोबर 1963 रोजी वायोंतच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला आणि उसळलेल्या लाटेने जवळपास 2000 माणसे गिळली.

थ्री गॉर्जेसमध्ये पाणी चढण्यापूर्वी पुरातन वास्तूंसाठी धावपळ झाली. युनयांगचे झांग फेईचे मंदिर उतरवून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे 30 किलोमीटरवर पुन्हा उभारले. फूलिंगजवळच्या बायहेलियांग या खडकावर कोरलेले मासे उघडे पडले, की पुढचे वर्ष सुगीचे, असे लोक मानत. तो खडक जागेवरच राखून 2009 मध्ये पाण्याखालचे संग्रहालय झाले. शिबाओझायचा बारा मजली लाकडी मनोराही जागचा हलवला नाही. तो ज्या कड्याला टेकून उभा आहे, त्याच्याभोवती बांध घातला.

ऑक्टोबर 2010 मध्ये पातळी 175 मीटरला भिडली. तेव्हापासून पावसाळ्याआधी पाणी 145 मीटरपर्यंत उतरवायचे आणि पूर ओसरले की पुन्हा भरायचे, हा दरवर्षीचा क्रम आहे. डोंगराची खरी कसोटी इथेच लागते. पाणी चढते तेव्हा उताराचा पायथा भिजतो, मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत. पाणी भराभर उतरते तेव्हा बाहेरचा आधार जातो, पण आत मुरलेले पाणी तितक्या वेगाने निचरत नाही. ते उताराला आतून बाहेर रेटते. धोका भरलेल्या जलाशयाइतकाच रिकामा होणाऱ्या जलाशयाचाही असतो.

म्हणूनच एखादी वास्तू पाण्याच्या रेषेच्या वर राहिली म्हणजे वाचली, हा हिशेब अपुरा आहे. शिबाओझायच्या मनोऱ्याचे आयुष्य त्याच्या लाकडावर जितके, तितकेच मागच्या कड्यावर आणि कड्याखालच्या निचऱ्यावर अवलंबून आहे. वारसा जपायचा, तर पाणी किती चढणार याबरोबरच ते किती वेगाने उतरणार, हेही धरण बांधण्याआधीच ठरले पाहिजे. आणि तो वेग ठरवताना वीज व पूरनियंत्रणाच्या जोडीला डोंगराचेही ऐकले गेले पाहिजे.