लेसर शस्त्रक्रियेनंतरचा पीएसए

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींत तयार होणारे प्रथिन असून त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्यामुळे ग्रंथीचा वाढलेला भाग लेसरने काढल्यावर पीएसए किती घटेल, हे मुख्यतः किती ऊती निघाली यावर ठरते. होल्मियम लेसरने ग्रंथीचा आतला वाढलेला भाग सालीपासून गर सोडवावा तसा अखंड सुटतो, म्हणून पीएसए बहुधा मूळ पातळीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. ऊतीची वाफ करणाऱ्या लेसरने ही घट सहसा कमी असते.

शस्त्रक्रियेच्या जखमेने, मूत्रमार्गातील नळीने किंवा जंतुसंसर्गाने पीएसए तात्पुरता चढतो, म्हणून पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी करणे इष्ट. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे आधीपासून चालू असल्यास मूळ आकडाच जवळपास निम्मा दिसतो, आणि ती बंद केल्यावर तो पुन्हा वाढू शकतो.

ग्रंथीचा बाहेरचा भाग मात्र शस्त्रक्रियेनंतरही शरीरात राहतो आणि बहुतेक कर्करोग तेथेच उद्भवतात. म्हणूनच 4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सर्वपरिचित मर्यादा येथे फसवी ठरते: 0.6 वर स्थिरावलेला आकडा पुढे 2.4 झाला, तर अहवालात ‘नॉर्मल’ छापलेले असूनही मूत्रविकारतज्ज्ञाला दाखवणे अगत्याचे आहे. शस्त्रक्रिया नाशिक-मुंबईत आणि पुढील तपासण्या जळगाव, धुळे वा शिरपुरात होतात, तेव्हा जुने अहवाल, काढलेल्या ऊतीचे वजन आणि तिचा पॅथॉलॉजी अहवाल जवळ ठेवून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, कारण निरनिराळ्या तपासणी-संचांवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येऊ शकतात.